काळ्या धानाची पुरचुंडी

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर कोणी जात नाही. वाळवणंसुद्धा बायका सकाळी टाकून मोकळ्या होतात आणि ऊन उतरल्यावरच परत वर येतात. माझी माय मात्र त्या दिवशी ऐन दुपारी वर बसली होती. डोक्यावर ओला टॉवेल, आणि स्लॅबचे चटके बसू नयेत म्हणून पायात बाबांचे खाणीतले जाड बूट. समोर जुनी सुती साडी अंथरलेली, तिच्यावर काळा धान पसरलेला. काळा म्हणजे टरफल काळं, आतला तांदूळ पांढराच. मी जिना चढून गेले तेव्हा तिनं एक दाणा उचलून दाढेखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला आणि तिचा चेहरा खुलला.

"खडखडीत झाला," ती म्हणाली. "आता यंदा पेराचाच. तुया बाबाले दिवाळीच्या टायमाले वर्ष होते. तवा याच्या लोंब्या त्याच्या फोटोसमोर पाह्यजे मले."

"आधी खाली चल. उन्हानं चक्कर येऊन पडशील इथी, आणि मग मला धावाधाव," मी ओरडले. मला राग पटकन येतो. काळजी वाटली की आणखी लवकर येतो.

"तू काऊन तापून राह्यली? तापायले ऊन हाय ना," ती म्हणाली, आणि धान हातानं खालीवर करत राहिली. तिचं काम होईपर्यंत ती उठली नाही. मी टाकीच्या एवढ्याशा सावलीत उभी राहून तिच्या नावानं बोटं मोडत होते. तो धान उगवणार नाही, हे मला जवळजवळ ठाऊक होतं.

आमचं गाव आता नाही. जिथं घरं होती तिथं कोळशाची उघडी खाण आहे, आणि जिथं तळं होतं तिथं खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर उभा आहे. तळ्याखाली आमच्या बांध्या होत्या. बांधी म्हणजे धानाचं पाणी अडवायला चारी बाजूंनी बांध घातलेलं वावर. त्यात इतर धानासोबत एक कोपरा या काळ्या धानाचा असायचा. तो कमी पिकायचा, उशिरा यायचा, पण शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जायचा. बाबा म्हणायचे, "हा धान लपवून खाता येत नाई, मानूस बोलवाच लागते." जमीन गेली आणि तिच्या बदल्यात बाबांना खाणीत नोकरी लागली. आम्ही घुग्घुसला खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. शेवटच्या हंगामातला काळा धान बाबांनी एका मडक्यात भरला आणि मडकं मायच्या हातात दिलं. मी तेव्हा शाळेत होते, त्यांच्या शेजारीच उभी होते. ते म्हणाले, "बी सांभाळजो. वावर घेऊ तवा पेरू."

ते एवढंच म्हणाले, आणि मायनं ते अक्षरशः पाळलं.

गावी बियाण्याची एक रीत होती. मळणी झाली की बियाण्याचा धान वेगळा काढायचा, सारवलेल्या अंगणात उन्हात घालायचा, दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवायचा, मग राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचा. रीत चांगलीच होती. ओलं बी बुरशीनं जातं, किड्यानं जातं. वाळलेलं बी पावसाळ्यापर्यंत टिकतं. पण गावी ते पावसाळ्यापर्यंतच टिकायचं असायचं. पाणी पडलं की बी मातीत जायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात अंगणात येणारा धान नवा असायचा. घुग्घुसला पेरायला जागाच नव्हती. माय मात्र दर उन्हाळ्यात मडकं उघडत राहिली, तोच धान क्वार्टरच्या गच्चीवर घालत राहिली. खाली सिमेंटचा स्लॅब, वर घुग्घुसचं ऊन, हवेत कोळशाची आणि सिमेंटची धूळ. ती फडक्यानं धूळ पुसायची, सुपानं पाखडायची, किडका दाणा दिसला तर वेचून टाकायची. घरात पाहुणे असोत, आमच्या परीक्षा असोत, तिला ताप असो, धानाला ऊन दाखवणं चुकलं नाही. शेजारणी हसायच्या. "तुमच्या धानाचीच हौस हाय बा वहिनी, आमाले तर भात कधी भेटला नाई," असं म्हणायच्या. मायही हसायची, पण दाणा कोणाला द्यायची नाही.

बाबा सुटीच्या दिवशी मोटरसायकल काढून चिमूरकडे वावर पाहायला जायचे. रिटायर झालो की तिकडंच जाऊ, म्हणायचे. संध्याकाळी परत आले की बूट काढायच्या आधी निकाल सांगायचे. माती हलकी हाय. पाणी वरच्या बांधीवाल्याच्या हातात हाय. रस्ता नाई. एकदा सगळं चांगलं निघालं तर म्हणाले, "तिथी मन नाई लागत." माय आतून म्हणायची, "वावर पाह्यला गेलते की पोरगी?" आम्ही हसायचो. आता वाटतं, त्यांना आमचंच वावर पाहिजे होतं, आणि ते खाणीच्या तळाशी होतं. पुढं त्यांना खोकला लागला. आधी हिवाळ्यात, मग बारा महिने. रिटायर झाले तोवर जिना चढणं जमत नव्हतं. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मी दोघांना माझ्याकडं चंद्रपूरला आणलं. सामानात एक टेम्पोभर वस्तू होत्या, पण माय पुढच्या सीटवर मडकं मांडीवर घेऊन बसली होती.

बाबांचा शेवटचा काळ प्राणवायूच्या मशीनवर गेला. ते घरघरणारं मशीन आणि नाकाला लावलेली नळी. बोलताना दम लागायचा म्हणून ते मोजकंच बोलायचे. त्यातही मायला विचारायचे, "बी हाय ना?" ती म्हणायची, "हाय ना. खडखडीत हाय." मग ते डोळे मिटून घ्यायचे. ते गेले त्या दिवशी सकाळीही त्यांनी हेच विचारलं होतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि माझा अभ्यासच मुळी बियांच्या श्वासाचा आहे. वाळलेलं बी मेलेलं नसतं. ते श्वास जवळपास थांबवून बसलेलं असतं. पाणी लागलं की त्याचा श्वास चालू होतो. श्वास म्हटला की प्राणवायू आला. तो आतलं अन्न जाळून बियाला ताकद देतो, आणि जाळता जाळता ठिणग्या उडवतो. या ठिणग्यांनी पेशींची पातळ आवरणं करपतात. म्हणून बियाजवळ ठिणग्या विझवणारी त्याची स्वतःची रसायनं असतात. मजा अशी की ठिणग्या अजिबात नसतील तर बी उठतच नाही. थोडा चटका बसावा लागतो. मग साठवलेल्या प्रथिनांच्या गाठी सुटतात, पिठाची साखर होऊ लागते, टरफल फोडून मूळ बाहेर येतं. चटका कमी पडला तर बी झोपून राहतं आणि जास्त झाला तर मरतं. पहिलं पान उजेडात येऊन हिरवं झालं की त्यालाही हाच तोल नव्यानं सांभाळावा लागतो. याला रेडॉक्सचा तोल म्हणतात. मी फळ्यावर जाणारे-येणारे बाण काढून तो समजावते आणि मागच्या बाकांवरचे खुशाल जांभया देतात.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मी घरी कधी समजावली नव्हती. बी कोरडं करून ठेवलं तरी हवा त्याला सोडत नाही. आत हळूहळू करपणं चालूच असतं, आणि विझवणारी रसायनं दरवर्षी थोडी थोडी खर्च होत जातात. जितकी उष्णता जास्त तितकं हे भराभर होतं. असं बी बाहेरून धडधाकट दिसतं. दाताखाली कट्‌ तर फारच छान वाजतं. पण पाणी लागलं की श्वास घ्यायची त्याची यंत्रणा उभीच राहत नाही. मला हे सगळं कळू लागलं तेव्हा त्या धानाला इतके उन्हाळे दाखवून झाले होते की सांगून काही वाचलं नसतं. मायच्या हातचं एक काम तेवढं हिरावलं गेलं असतं. आणि पेरायची वेळ येईल असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं.

आता ती वेळ आली होती. मायनं वावराचा हट्ट सोडला होता. "वावर नाई तर नाई. जुन्या कूलरच्या टपात पेरतो. दोन लोंब्याच तर पाह्यजे," ती म्हणत होती. तिनं इथल्या तळ्याकाठची गाळाची माती आणून तो टप अर्धा भरूनही ठेवला होता. नवऱ्यानं सांभाळायला दिलेलं बी आपण जिवंत ठेवलं, एवढं तिला त्याच्या फोटोसमोर ठेवायचं होतं. तिचं दुसरं काहीच मागणं नव्हतं, म्हणून मला ते फार जड जात होतं.

मी तिच्याकडून चिमूटभर धान मागून घेतला. "कालेजात दाखवतो पोरींना," म्हणाले. प्रयोगशाळेत बी जिवंत आहे का हे पाहायची एक परीक्षा असते. दाणा मधोमध चिरायचा आणि टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या पाण्यात ठेवायचा. पाण्याला रंग नसतो. दाण्यातल्या अंकुराचा श्वास चालू असेल तर तो या क्षाराला लाल करतो. मेलेला अंकुर पांढराच राहतो. यात वाईट एवढंच की दाणा जिवंत होता हे कळेपर्यंत आपण तो चिरलेला असतो. मी एका काचेच्या बशीत मायचे काळे दाणे ठेवले आणि शेजारच्या काचेत यंदाच्या हंगामातले साधे दाणे. साध्या दाण्यांचे अंकुर डाळिंबासारखे लाल झाले. काळ्यांचे पांढरेच राहिले. मी क्षार बदलून पाहिला, वेळ वाढवून पाहिला. मग उरलेले न चिरता ओल्या कागदावर ठेवले, वेगवेगळी औषधं देऊन पाहिली, ज्या उपायांना विद्यार्थ्यांनी हात लावला असता तर मी त्यांना झापलं असतं असलेही उपाय केले. सगळ्यांवर बुरशी आली.

एका दाण्यानं मात्र मूळ बाहेर काढलं. पांढरं, सुईच्या टोकाएवढं. दुसऱ्या दिवशी ते टोक तपकिरी झालं आणि तिथंच थांबलं. त्याला श्वास घ्यायचा होता, हवा होती, पाणी होतं, आणि घेणारं आत काही उरलं नव्हतं. मला बाबांचं मशीन आठवलं. मी दार लावून घेतलं आणि प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी उभी राहून खूप रडले.

माझ्यासोबत शिकवणारी एक मैत्रीण आहे, अहेरीच्या पुढच्या जंगलातल्या एका माडिया आदिवासी गावची. ती दार ढकलून आत आली, काचा पाहिल्या आणि सगळं समजली.

"मावशीले सांगतलं का?"

"काय सांगू? तू दरवर्षी ऊन दाखवलं म्हणून मेलं, असं सांगू?"

तिनं बुरशी आलेल्या काचा एकेक करून झाकल्या. मग म्हणाली, "आमच्या गावात आता विज्जा पंडुम हाय. बियाचा सन. मावशीले घेऊन ये."

सणाबद्दल मी तिच्याकडून आधीही ऐकलं होतं. पेरणीच्या आधी गावातलं प्रत्येक घर आपापल्या बियाण्यातून थोडं घेऊन येतं, सगळं एका टोपल्यात ओततात, पूजा होते, आणि त्या मिसळलेल्या बियातलं घरोघरी परत वाटतात. मग पेरायला सुरुवात. मी तिला म्हटलं, "तुमच्या टोपल्यात मेलेलं बी कसं घालू? गावाच्या पेरणीचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "मी माह्या बाबाले इचारतो." दुसऱ्या दिवशी तिनं निरोप दिला. तिचे बाबा म्हणाले होते, "एका घराचं बी वाईट निघते म्हनूनच तर मिसळतो आमी. नाईतर ते घर एकटं नाई का पडत?"

मला त्यात माझा मार्ग दिसला. माय मडकं टोपल्यात ओतेल, बदल्यात गावाचं जिवंत बी मिळेल, ते उगवेल. कोणता दाणा कोणाचा हे कोण पाहणार? खोटं बोलावं लागणार नाही आणि खरं सांगावंही लागणार नाही. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

मायला तयार करणं सोपं नव्हतं. आमचं घर बौद्ध. "मी कोण्या देवापुढे हात जोडत नाई, आधीच सांगून ठेवतो," ती म्हणाली.

"नका जोडू मावशी," मैत्रीण म्हणाली. "बी तर घेऊन या. आमचा देव मानसाचे हात पाहत नाई, मुठीत काय हाय ते पाहते."

"मंग ठीक हाय," माय म्हणाली, आणि मडक्याच्या तोंडाला नवीन फडकं बांधलं.

आलापल्लीपर्यंत बस, पुढं अहेरी, तिथून मैत्रिणीच्या भावाची जीप. सागाची पानं गळून जंगल उघडं पडलं होतं. मायनं मडकं कुठंही खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय मावशी, घी?" ती म्हणाली, "नवऱ्याची अमानत हाय." बिचारा अस्थी समजला. पटकन मागं सरकला आणि बाकी प्रवासभर तिला ताई-ताई करत राहिला. मैत्रीण खिडकीकडं तोंड करून हसत होती. मीही हसले, आणि हसता हसता मला वाटलं, त्याचं काही फारसं चुकलं नाही.

गावात मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. बांबूचं मोठं टोपलं मधे ठेवलेलं. एकेक घर येत होतं आणि धान, कोदो, उडीद, जे असेल ते टाकत होतं. टोपल्यात धानाचा ढीग वेगळा राखला होता. मायची पाळी आली तेव्हा मैत्रिणीच्या बाबांनी तिला गोंडीत काहीतरी म्हटलं आणि बाजूला सरकून जागा दिली. मायनं फडकं सोडलं. मी श्वास रोखून पाहत होते. तिनं हात आत घातला, दोन मुठी काळा धान टोपल्यात सोडला, आणि मडक्याचं तोंड परत बांधून टाकलं.

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं बियांचा अभ्यास करते आणि एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शेतकरी घरातली बाई घरचं सगळं बी कधीच देत नाही. पाऊस फिरला तर दुसऱ्या पेरणीला काय, म्हणून अर्धं तरी मागं ठेवते. त्या गावातल्या प्रत्येक बाईनं तेच केलं होतं. मीच तेवढी सगळं ओतायला निघाले होते.

वाटप झालं तेव्हा पाहुणी म्हणून मायच्या पदरात ओंजळीवर ओंजळी पडल्या. बहुतेक पिवळा धान, त्यात मधेमधे आपलेच काळे दाणे. परतीच्या बसमध्ये ती फार खुशीत होती. "आपल्या गावातबी एकाच्या घरी बी सरलं का दुसऱ्याच्या घरून येये," ती सांगत होती. "तुया बाबाले हे गाव लय आवडलं असतं. इथी त्याचं मन लागलं असतं." मी हो म्हणत राहिले.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल तर पदरातला धान सुपात घेऊन त्यातले काळे दाणे वेचले आणि मडक्यातल्यांत मिसळले. मग दोन्ही धान वेगवेगळे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी निथळून दोन पुरचुंड्या बांधल्या, एक पिवळ्याची, एक काळ्याची. वर पळसाची पानं गुंडाळली, गोणपाटात ठेवून वर पाटा ठेवला. धानाला मोड आणायची ही आमच्याकडची पद्धत. बी श्वास घेऊ लागलं की पुरचुंडी आतून गरम होते. बाई मधूनमधून तिच्यात हात घालून पाहते. फार तापलं तर बी उकडून जातं, मग पाणी शिंपडून गार करायचं. वर्गात मी हीच ऊब अंशांमध्ये मोजून दाखवते. माय उलट्या हातानं पाहते, तान्ह्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी.

मी दुपारी कॉलेजातून आले तेव्हा ती गोणपाटापाशी बसलेली होती. तिनं मला जवळ बोलावलं. माझा हात धरून एका पुरचुंडीत घातला. आत ऊब होती, दमट, छान ऊब. बोटांना मोडांचं बारीक टोचणं जाणवत होतं.

"हे पाह्य. आता हे."

तिनं माझा हात दुसऱ्या पुरचुंडीत घातला. ती गार होती. आंबूस वास येत होता.

मायनं पळसाची पानं उलगडली. काळे दाणे फुगले होते, बुळबुळीत झाले होते. तिनं ते बोटांनी पसरून पाहिले, एका बाजूनं सुरुवात करून शेवटच्या दाण्यापर्यंत. कुठंच काही नव्हतं. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. हात त्या दाण्यांवर तसाच ठेवून तिनं विचारलं,

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कालेजात नेलते तवापासून?"

"हो."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं न पाहता विचारलं, "मी ऊन जास्त देल्लं का व?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून मी अहेरीच्या पुढपर्यंत जाऊन आले होते. तिच्याइतक्या निष्ठेनं कोणी काही सांभाळलेलं मी पाहिलेलं नाही, आणि तिच्या त्या सांभाळण्यानंच ते लवकर संपलं, हे मला माहीत होतं. पण त्याहून मोठी गोष्टही मला माहीत होती. ते बी थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवलं असतं तरी काही वर्षं जास्त टिकलं असतं, एवढंच. बी ठेवून राहत नाही. ते दरवर्षी पेरूनच राहतं. हे मी तिला शिकवायची गरज नव्हती. तिनं निम्मा जन्म तेच केलं होतं.

"ऊन नाई माय," मी म्हटलं. "वावर नव्हतं."

तिनं हे ऐकलं. "हव," म्हणाली. "वावर नव्हतं." आणि फोटोकडं पाहिलं, बाबांच्या. मला वाटलं तिला पटलं. निदान दोघींना पुरेल एवढं तरी पटलं असावं.

पिवळ्या धानाचे मोड तिनं त्याच दुपारी कूलरच्या टपात टाकले, सारखे, दाट-विरळ न होऊ देता. त्यावर ओला गोणपाट घातला. मी तिला मदत करायला गेले तर "तुले नाई जमत, राहू दे," म्हणाली. तेवढ्या एका वाक्यात ती नेहमीची माय होती, म्हणून मला बरं वाटलं. मग तिनं काळे दाणे चाळणीत घेऊन नळाखाली धुतले. त्यांचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुतले. मी म्हटलं, "फेकून दे ना आता." तिनं कपाटातून ती जुनी सुती साडी काढली, घडी उलगडली आणि जिन्याकडं निघाली. गच्चीचं दार उघडं होतं, वर पांढरं ऊन पडलेलं होतं. पहिल्या पायरीवर ती थांबली. थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली.

साडी तिनं आतल्या खोलीत, बाबांच्या पलंगाखालच्या फरशीवर अंथरली, जिथं ऊन कधी पोचत नाही. आणि मेलेला धान सावलीत पसरला.